आपली वीस मिनिटं

प्रिय अहो,

येत्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. काल दुबेजी घरी आले होते. तुमच्या रविवारच्या सायकलवाल्यांपैकी तेच काय ते अजून विचारपूस करायला येतात. म्हणाले, "भाभीजी, रविवार को भैया की याद में हम सब चेरीताल से तिलवारा तक साइकिल चलाएँगे. घाट पर आप दो शब्द बोल दीजिए. आप दोनों तो आदर्श जोड़ी थे." मी हो म्हटलं, चहा दिला. ते गेल्यावर दोन शब्द लिहायला बसले, तर हे पत्र निघालं. आधी तुम्ही वाचा, लोकांचं मग बघू.

आदर्श जोडी. ऐकलंत ना?

फॅक्टरीतून रिटायर झालात आणि महिन्याभरात दोन सायकली घरात आल्या, एक तुमची, एक माझी. मला विचारलं नव्हतंत, पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. साठीला टेकलेल्या बायकोला सायकल आणून देणारा नवरा जबलपुरातल्या आपल्या गल्लीत दुसरा कोण होता? तुमचा नियमही मला आवडला. मोठा रस्ता धरायचा नाही, ट्रक दिसले की पहिल्या फाट्याला आत वळायचं. बरगी धरणाच्या नहराच्या कडेने आपण किती हिंडलो. वाटाण्याची हिरवी शेतं, पाण्यात बसलेल्या म्हशी, आणि तासभर एक मोटार नाही. "आपण पोचायला नाही, पाहायला निघालो," असं तुम्ही भेटेल त्याला सांगायचात.

मी पाहिली ती तुमची पाठ. हेही एकदा लिहून टाकते.

तुम्ही पुढे, मी मागे, यात गैर काही नव्हतं. तुमचे पाय लांब, छातीत दम. दर पाच-सहा किलोमीटरवर एखाद्या पुलियाच्या बुटक्या कठड्यावर बसून तुम्ही माझ्यासाठी थांबायचात, तेही खरं. पण मी धापा टाकत पोचले रे पोचले की तुम्ही उठायचात. पँट झटकायचात, टोपी चढवायचात आणि म्हणायचात, "आली का? चलो."

तुमचं पाणी पिऊन झालेलं, घाम वाळलेला. माझा एक पाय अजून पेडलवर. सात वर्षांत असे किती थांबे झाले असतील? सगळे तुमचे झाले. माझ्या वाट्याला एकही आला नाही.

आणि वर चार लोकांत सांगायचं, "मी हिच्यासाठी प्रत्येक पुलियावर थांबतो." बायका म्हणायच्या, किती करतात हो तुमचं. कोकणातल्या त्या खानावळीच्या काकूंनी तर स्वतःच्या नवऱ्याला तुमचा दाखला दिला. मी खाली मान घालून सोलकढी पीत होते.

कोकणचं आठवतं? सायकली रेल्वेच्या पार्सल डब्यात घालून गेलो होतो. हरिहरेश्वरपासून गुहागरपर्यंत, समुद्राच्या कडेकडेने, आठ दिवस. इतका निवांत रस्ता मी पुन्हा पाहिला नाही. वाळत टाकलेल्या मासळीवरून कावळे उडाले तरी पंखांचा आवाज यायचा. खाडी आली की सायकलींसकट फेरीबोटीत चढायचं. त्या बोटीतला वेळ मला सगळ्या प्रवासात सुखाचा गेला. का, माहीत आहे? बोटीत तुम्हाला पुढे जाता येत नव्हतं.

केळशीहून आंजर्ल्याकडे निघालो आणि उटंबरचा चढ लागला. मी सायकल ढकलत वर आले तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले होते. तुम्ही काजूच्या झाडाखाली बसला होतात. मला पाहिलंत आणि उठलात. मी तिथेच मातीत बसकण मारली. म्हटलं, "मला पाच मिनिटं बसू द्या."

"आता काहून बसून राहिली? आपली वीस मिनिटं झाली ना इथे."

वीस मिनिटं तुमची झाली होती. मी तेव्हा खाली चढावर होते. पण तुमच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तुम्हाला खरोखर वाटत होतं की मीही बसले आहे. मी उठले. भांडले नाही. का भांडले नाही, हे मी आजही स्वतःला विचारते. वाटलं असेल, माणसाला डोळे आहेत, आज ना उद्या दिसेल.

दुसऱ्या दिवसापासून मी युक्ती काढली. दम लागला की रस्त्याच्या कडेला व्हायचं, हातानेच चेन उतरवायची आणि खुशाल बसायचं. वाट बघून बघून तुम्ही मागे फिरायचात, कुरकुरत चेन चढवायचात, आणि तेवढा वेळ मी समुद्र पाहायचे. "तुझीच चेन काहून उतरते रोज?" असं ओरडायचात. जबलपूरला परतल्यावर घमापुरच्या मिस्त्रीकडून नवी चेन बसवून आणलीत. तीही उतरायला लागली. मिस्त्री बिचारा चक्रावला. मला जी काही विश्रांती मिळाली ती अशी चोरून मिळाली.

मग मागच्या वर्षी तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, यांना पलंगापासून व्हरांड्यापर्यंत रोज चालवा. मधे हॉलमध्ये खुर्ची ठेवा, तिथे पाच मिनिटं बसू द्या, मग पुढे न्या. सुरुवातीला मी तुमचा हात धरून तसंच केलं. पुढे तुम्ही काठीवर आलात, आणि मी आधी जाऊन त्या खुर्चीत तुमची वाट पाहत बसायला लागले. पंधरा पावलं होती. तुम्हाला सात-आठ मिनिटं लागायची. एक दिवस तुम्ही पोचलात, मी उठले आणि तोंडातून निघून गेलं, "आलात का? चलो." खुर्ची उचलून मी व्हरांड्याकडे निघालेसुद्धा.

त्या दिवशी ते चुकून झालं. दुसऱ्या दिवशी चुकून झालं नाही.

तुम्ही भिंत धरून उभे राहायचात. गुडघा थरथरायचा. मी व्हरांड्यात खुर्चीत बसून पाहायचे. लाज वाटायची का? वाटायची. आणि बरंही वाटायचं. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, "आई, पप्पा चल रहे हैं ना ठीक से?" मी सांगायचे, "हो रे, मी असते ना त्यांच्या पुढे."

आठ दिवस मी हे केलं. नवव्या दिवशी तुम्ही हॉलच्या मध्यावर आलात, मी खुर्ची उचलली, आणि तुम्ही बोललात. तुमची जीभ जड झाली होती, दिवसाकाठी दहा-बारा शब्द निघायचे. पण हे दोन शब्द मला स्वच्छ ऐकू आले.

"चेन उतरली."

मी वळून पाहिलं. तुम्ही हसत नव्हतात, रडतही नव्हतात. तुम्ही बसायला मागत होतात, मी मागायचे तसंच. म्हणजे माझ्या चेनची भानगड तुम्हाला ठाऊक होती.

आणि मी काय म्हटलं? "चढवा आणि या." खुर्ची घेऊन गेले.

तुम्ही आलात. भिंतीला हात लावत, मधे थांबत, पण आलात. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची जागेवर ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिले, तर तुम्ही पलंगावरून उठलाच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. मी खूप विनवलं. चार दिवसांनी दुसरा झटका आला आणि तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, चालण्या-न चालण्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी तीनदा विचारलं, तीनदा त्यांनी तेच सांगितलं.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. माझी चेन मी उतरवत होते, हे तुम्हाला कधी कळलं?

हॉलमध्ये पाय थरथरताना कळलं असेल, तर तुम्ही आयुष्यभर नुसते आंधळे होतात, आणि डोळे उघडे ठेवून छळलं ते मी. कोकणातच कळलं असेल, तर मला दम लागतो हे माहीत असून तुम्ही दर वेळी उठत होतात. मग आपली फिटंफाट झाली. फॅक्टरीत पस्तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला आपोआप उतरलेली चेन आणि हाताने उतरवलेली चेन यांतला फरक कळू नये? माझी काळी झालेली बोटं दिसू नयेत?

अजून एक शक्यता आहे. चेन चढवायला तुम्ही दर वेळी फार वेळ लावायचात. तुमच्यासारख्या कारागिराला ते काम किती वेळाचं? मला बसता यावं म्हणून तर नव्हे? त्याचा विचार मी करत नाही. करायला लागले तर मला या घरात राहवणार नाही.

तर रविवारचं सांगते. तिलवाऱ्याच्या घाटावर मी बोलेन, आणि गोड बोलणार नाही. पुलियाचं सांगेन आणि खुर्चीचंही सांगेन. दुबेजी खाली पाहतील, मुलगा माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. बोलू नये त्याने. पण तुम्हाला एक वचन देते. सगळ्यांसमोर मी हेच म्हणेन की त्यांना काही ठाऊक नव्हतं, ठाऊक असून केलं ते मी केलं. तुमचं नाव मी राखेन.

घरात मात्र मी उलटं धरून चालणार आहे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी तुम्ही उठत होतात. असं धरलं तरच माझ्या घशाखाली घास उतरतो. तेवढं मला करू द्या.

तुमची,
सुनंदा