चिमणीच्या गावचं हवामान

विनिपेग,
१९ जानेवारी, सकाळ

प्रिय चिमणे,

तू बरी असशील, पोरगी शाळेत रमली असेल, असं धरून चालतो. इथे आम्ही ठीक. आईने तुझ्या वाटणीचे नाताळचे बटाटा भरलेले पेरोगी अजून फ्रीजरमध्ये ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाही. गुडघा तिचा कुरकुरतोच.

मला ऑफिसात नवा संगणक मिळाला. माझं वेड तुला ठाऊक आहे. बारा वर्षं मी माझ्या सगळ्या सेटिंगच्या फाइली एका जागी जपून ठेवल्यात. नव्या संगणकावर एकच आज्ञा द्यायची, की कॉफी होईस्तोवर रंग, अक्षरं, शॉर्टकट, सगळं जसंच्या तसं हजर. तू म्हणायचीस, "दादा, एवढं कौतुक बायकोचं केलं असतंस तर ती टिकली असती!"

काल तेच केलं. शेजारच्या टेबलावरची जोसेट बघत होती. पडद्याच्या कोपऱ्यात हवामान उमटलं: विनिपेग उणे चोवीस, चिमणी उणे सहा.

"काय रे मार्को, चिमण्यांना थंडी वाजते का तेही बघतोस?"

मी हसलो, आणि मग ती ओळ पुन्हा वाचली.

लांबण लावतोय, कळतंय मला. सांगतो.

गेल्या मार्चात फोनवर तुझ्या तोंडून गावाचं नाव निसटलं. लगेच म्हणालीस, "विसर हं दादा. शपथ घे." घेतली. आणि त्याच संध्याकाळी ते नाव हवामानाच्या ओळीत, 'चिमणी' या शब्दापुढे, लिहून ठेवलं. तुझ्याकडे बर्फ पडतोय की ऊन, एवढं तरी कळावं म्हणून. मला फार आठवण येत होती गं.

पण माझ्या फाइली इंटरनेटवर उघड्या असतात. आमच्यात रीतच आहे तशी. एकमेकांच्या सेटिंग बघायच्या, आवडेल ते उचलायचं. पासवर्ड त्यात राहू नये म्हणून मी दहादा तपासतो. गावाचं नावही तसंच जपायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

काल ओळ पुसली. जुना प्रत्येक बदल तारखेसकट मागे राहतो, म्हणून तोही पुसला. मग नक्कल घेणाऱ्यांची यादी उघडली. ज्याच्यापासून तू लपलीस, तो ग्रांट त्यात आहे. तुमच्या लग्नाच्या वर्षी मीच त्याला हौसेने हे शिकवलं होतं. तीन जानेवारीला त्याने ताजी नक्कल उतरवून घेतलीय. ती ओळ त्याने वाचली की नाही, देव जाणे. चिमणी कोण, हे मात्र त्याला कुणी सांगायला नको.

तुझा नंबर माझ्याकडे नाही, तशी अटच होती. म्हणून बायकांच्या निवाऱ्याच्या बर्निसबाईंना लगेच फोन केला. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. सामान बांध, असं त्यांनी तुला कालच कळवलंय. कारण मात्र मीच लिहीन, असं मी म्हणालो. आज त्या विमानाने तुझ्याकडे निघाल्यात, हे पत्र घेऊन.

त्यांच्याबरोबर निघ. पोरीची शाळा, तुझी बेकरीतली नोकरी, मोठ्या मुश्किलीने बसवलेली घडी, सगळं माझ्यामुळे मोडतंय. हवं तेवढं रागाव, पण आधी निघ.

नव्या गावाचं नाव मला सांगू नकोस. मी रडून विचारलं तरी नको. पोरीला कानटोपी घालत जा.

तुझ्याकडे बर्फ आहे की ऊन, हे यापुढे ठाऊक नसलेला,
तुझा दादा,
मार्को