दोन खुणांचा बैल

१० फेब्रुवारी १९६९, लोणावळा

खाट फुकट, ऑपरेशन फुकट. खरी किंमत पडली ती अशी: तंबाखूची चंची रखवालदाराकडे ठेवावी लागली, भुलीच्या मुखवट्यापायी मिशा गेल्या, आणि ऐन हंगामात बैलबाजार सोडावा लागला. तरी सौदा मीच जिंकला.

डावं मूत्रपिंड खडा धरून सडलंय. ते काढायचंच होतं. इथले छोटे डॉक्टर एका नव्या औषधाचा प्रयोग करतायत. एक काढल्यावर उरलेल्यानं दोघांचं काम लवकर उचलावं, म्हणून. आम्ही ते औषध घ्यायचं, बदल्यात सगळं मोफत. जोडीतला एक बैल गेला की दुसऱ्याला जादा खुराक, एवढं मला लगेच कळलं. डॉक्टर हसून म्हणाले, आमच्या विद्यार्थ्यांना तुम्हीच शिकवा.

दवाखान्याचा बंगला झकास आहे. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं सुटतात तेही खाटेवर ऐकू येतं. माझे कानच तसे. नुसत्या श्वासावरून बैलाच्या छातीतला दोष सांगतो. चऱ्हाटं वळता वळता हेडी झालो, बैलांचे सौदे जुळवू लागलो, वडगावच्या बाजारात केस पिकले, पण चुकीचं जनावर माझ्या हातून कुणाच्या दावणीला गेलेलं नाही.

११ फेब्रुवारी

शेजारच्या खाटेवर गेणू, डोंगरातल्या वाडीचा. त्याचं ऑपरेशन झालंय, तोही प्रयोगातलाच. खाटेखालची लघवीची बाटली दाखवून म्हणाला, "शेट, तुमी बैलाचं दात बगता, हितं डाक्टर आमची बाटली बगतोय." टाके दुखेपर्यंत हसला.

छोट्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर उजव्या बाजूला जांभळ्या औषधानं गोल काढला. हे राहणारं मूत्रपिंड, रोज हेच तपासणार, म्हणाले. नव्या औषधानं सुरुवातीला लघवी आखडेल, घाबरू नका, असंही सांगितलं.

१३ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. सर्जन पुण्याहून येतील. छोटे डॉक्टर मुंबईला गेलेत. माझे कागद आणि एक्स-रे त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

शालूबाई नर्स इथं नवीन. कापायच्या बाजूला खूण करायला आल्या. मी थांबवलं. म्हटलं, बाई, खूण झालीय, छोटे डॉक्टर स्वतः करून गेले. आमच्यात सौदा ठरलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर गेरूचं एकच बोट ओढतात. एक बोट म्हणजे धरलेला माल, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दोन बोटं दिसली की तंटा, आणि जनावर दिवसभर उन्हात. "बाबा, इथंही बाजार मांडलात की!" म्हणत त्यांनी गोल पाहिला, खुणेच्या औषधाच्या बाटलीला बूच लावलं आणि घाईत गेल्या.

गोल राखायच्या बाजूला आहे, हे मी बोललो नाही. एवढ्या मोठ्या सर्जनला खुणेचा अर्थ का सांगायचा?

१५ फेब्रुवारी

शुद्धीवर आहे. तहान. पट्टीनं पाठ आवळलीय. बाटली कोरडी. शालूबाई म्हणतात, नव्या औषधाचा गुण, डॉक्टर सांगून गेलेत. गेणू म्हणाला, "माजी तर पैल्याच दिशी भरली व्हती, शेट." मी म्हटलं, जनावरा-जनावरात फरक असतो.

तो हसला नाही.

१६ फेब्रुवारी

छोटे डॉक्टर परतले. पट्टी पाहिली. तडक बाहेर गेले. दाराआड कुजबुज — दुसऱ्या कुणाला ऐकू गेली नसती. गोल राखायच्या बाजूला होता, ते म्हणत होते — पुन्हा पुन्हा तेच. मग शालूबाईंचं रडणं. बाबाच म्हणाले, खूण झालीय —

हात पाठीमागे नेला. डावी कूस सलग आहे. आत तोच जुना ठणका.

१७ फेब्रुवारी

पाय सुजले. जिभेला घाण चव. मुंबईला रक्त साफ करायचं यंत्र आहे म्हणतात — गाडी मागवलीय — आली नाही. गेणूची भरली बाटली नेली. माझी उचलून पाहिली, तशीच ठेवली.

मंडळी उशाशी बसलीय. गाडी आली का, विचारते. तिला कसं सांगू, खुणेचं मीच —

घरघर ऐकू येते. आधी वाटलं गेणू. गेणू झोपलाय. छातीत पाणी झालेल्या बैलाचा श्वास असाच — माझाच आहे.

खूण उजवीकडे होती. टाके उजवीकडे आहेत. सडकं माझ्याच दावणीला राहिलं, आणि चांगलं जनावर मी