भाषण नको, तुमचं सांगा

७ जाने. ८४, शनि.
शाळेतून आले तर हे इस्त्रीचा सदरा घालून तयार. म्हटलं, मीटिंगला चाललो आपण, लग्नाला नाही. "चार लोक असतील नं वं तिथं." आमच्या शाळेतल्या शांताबाईंच्या भावाची दारू याच मीटिंगमुळे सुटली, पत्ता त्यांनीच सांगितला. सदर भागात, चर्चमागच्या शाळेत. महाल भागातल्या आमच्या घरून सायकलरिक्षानं गेलो. आज घरच्यांनाही बसू देतात म्हणे, म्हणून मीही आत.

आठदहा माणसं, पोरांची बुटकी बाकं, चहा. एकेक जण आपापलं सांगत होता. यांची पाळी आली. उठले, बाह्या सारख्या केल्या आणि सुरू, "सन्माननीय अध्यक्ष आणि उपस्थित बंधुभगिनींनो". अध्यक्ष कोणी नव्हताच. मग दारूचे दुष्परिणाम, संसाराची राखरांगोळी, वर दोन शेर. असं बोलले की मलाच टाळी वाजवावीशी वाटली. कोणी वाजवली नाही. डेव्हिडभाऊ म्हणून रेल्वेतले रिटायर्ड गार्ड आहेत, सगळं तेच पाहतात. हळूच म्हणाले, "बहोत बढिया. आता भाषण नको भाऊ, तुमचं सांगा."
हे खाली बसले. रिक्षात तोंड फुगवून. "त्यायले वक्तृत्वाची कदर नाही."

१० जाने.
कचेरीत कोणाचा तरी निरोप समारंभ. हेडक्लार्क म्हणून यांना कोणी विचारत नाही, वक्ते म्हणून सगळ्यांना हवेत. पिऊन आले. भाषण फर्मास झालं असणार. भाषण झालं की मंडळी कौतुकानं बसवून पाजतात आणि यांना नाही म्हणवत नाही. मेलं ते कौतुक. ताट झाकून ठेवलं आणि निजले.

२१ जाने., शनि.
आज घरच्यांना आत मनाई. व्हरांड्यात वह्या तपासत बसले. परत येताना विचारलं, काय सांगितलं?
"नाव."
अजून?
"नाव सांगतलं आन् बसलो. पुढचं निघेच ना."
मला हसू फुटलं. तासभर बोलणारा माणूस. मग पाहिलं तर हे सदऱ्याची बाही नुसती गुंडाळत होते, सोडत होते. भर सीताबर्डीच्या बाजारात, रिक्षात, मी यांचा हात हातात धरून बसले. पाहू दे कोणाला पाहायचं ते.

४ फेब्रु.
पित नाहीत. पण चिडचिड... डाळीत मीठ कमी, पोरं गल्लीत ओरडतात, पंखा वाजतो. (पंखा बंद होता.) डेव्हिडभाऊंनी सांगितलं तोंडात काही ठेवत जा, म्हणून टोपलीभर संत्री आणली. गादीवर बिया, उशाखाली सालं. मी रागावले की साल माझ्या डोळ्यासमोर पिळतात आणि पळतात. लग्नानंतरची दोन वर्षं असेच होते. विसरलेच होते मी.

१० फेब्रु.
वाचनालयाचे सेक्रेटरी देशकर आले होते. रविवारी वार्षिक कार्यक्रम. यंदा विषय व्यसनमुक्ती. "वसंतराव, तुमच्याशिवाय कोण?" हे लगेच हो म्हणाले. तिथं तर भाषणानंतर मागची खोली ठरलेली, पेले मांडूनच ठेवतात.
देशकर गेल्यावर म्हटलं, काहून हो म्हटलं तुम्ही?
"नाही म्हणता येत नाही मले. तेच तर दुखणं आहे."
मग संत्रं सोलता सोलता, "खरं सांगतलं तर तिथं? माहंच?" लगेच म्हणाले, "पण तू मास्तरीण. तुह्या पोरायचे मायबाप बसले असतील समोर."
मी ताटं घ्यायला उठले. लाज वाटते मला, खोटं कशाला लिहू.

११ फेब्रु., शनि.
डेव्हिडभाऊ म्हणाले, बाहेर सांगायची सक्ती नाही, नाही जमत तर जाऊच नका. जेवताना मीच म्हटलं, बोला काय बोलायचं ते, मी समोर बसते.

१२ फेब्रु., रवि.
माईकसमोर उभे राहिले. "मी वसंता. मी दारुडा आहे."
मांडव हसला. यांचं भाषण नेहमी गमतीनं सुरू होतं, लोकांना वाटलं हीच गंमत. देशकर तर मांडीवर थाप मारून हसले. हे तसेच उभे, हसणं ओसरायची वाट पाहत, आणि ते ओसरेना. बायकांमधून उठून उभी राहिले. नुसती उभी. एकेक जण माझ्याकडे पाहायला लागला. गप्प झाले सगळे.
मग हे बोलले. एक शेर नाही. मला किती छळलं तेही सांगितलं. दोनदा अडखळले. टाळ्या नाहीत. मागच्या खोलीत कोणी बोलावलं नाही.
घरी येताना, "आता मले कोणी भाषणाले बोलावणार नाही, कुसुम."
नाहीच बोलावणार. त्याचंच मला रडू आलं. यांचं भाषण मला फार आवडतं, इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

१३ फेब्रु.
शाळेत कोणी काही बोललं नाही. बोलत होते, मी आले की थांबत होते.
हे कचेरीतून आले, चहा घेतला नाही. "सगळे हसून राहिले माह्यावर." थोडा वेळ बसले, मग चपला घातल्या. "चक्कर मारून येतो."
एरवी पदर खोचून गल्लीच्या तोंडापर्यंत मागे जाते, गुत्त्याकडे वळतात का ते पाहायला. आज उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच म्हटलं, या लवकर. त्यांनी वळून पाहिलं. मी खरंच येत नाही हे कळल्यावर जरा वेळ उभेच राहिले, मग गेले.
दोघांचा भात टाकला आहे.