लखनचा ट्रॅक

३ फेब्रुवारी, वडवणी
पोचले! बँडमधली पोरं, धुळाजी आणि भारत, दोघंही स्टँडवर न्यायला आलेले. एकानं बॅग घेतली, दुसऱ्यानं माईकचा स्टँड खांद्यावर टाकला आणि आमची वरात भर बाजारातून निघाली. पुण्यातल्या स्टुडिओत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वायरी गुंडाळल्या, आता घरातल्या सामानात आख्खा स्टुडिओ स्वतः उभा करायचाय. मी मूळची याच जिल्ह्यातल्या चकलांब्याची, त्यामुळे इथलं बोलणं आणि इथलं तिखट, दोन्ही सवयीचं.

मुक्काम साखराबाईंकडे. त्यांचा लेक लखन या बँडचा गायक. दिवाळीनंतर बीडच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याआधी एक गाणं त्यानं एकट्यानंच लॅपटॉपवर गाऊन ठेवलं होतं, साथीला काहीच नाही, नुसता आवाज. त्याभोवती धुळाजीचा ढोल आणि भारतची गिटार बसवायची, म्हणून मला बोलावलंय. साखराबाई मला पोरी म्हणतात. भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात.

५ फेब्रुवारी
मागची खोली तयार. मेंढरं पाळणाऱ्यांचं घर, घोंगड्यांना काय तोटा! चारी भिंतींना टांगल्या आणि आवाजाचा घुमारा पार गेला. बांगडीवर जुना मोजा ताणून माईकपुढे बांधला, म्हणजे प-फ म्हणताना फुंकर आपटत नाही. पंखा बंद, त्यामुळे सगळे घामाघूम. दोघांना समजावलं की प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर राहतो, ज्याचं चुकेल त्यानंच तेवढं पुन्हा वाजवायचं. धुळाजी भारतला म्हणाला, तुझ्या लग्नातबी अशीच सोय करू बे, चुकलं की पुन्हा.

मग लखनचा ट्रॅक लावला. मेंढरं घेऊन डोंगर उतरणाऱ्याचं गाणं, त्यानं स्वतः रचलेलं. मी या माणसाला कधी पाहिलं नाही, पण गाणं संपल्यावर कुणाकडे बघावं ते कळेना. साखराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हेडफोन मागितला.

८ फेब्रुवारी
ढोल बसत नाही. परवा चपखल बसला होता, आज लखनच मागे पडतो. धुळाजी चिडून बाहेर गेला. मी लॅपटॉपला दोष दिला.

साखराबाई रोज दुपारी काम आटोपून खोलीत येतात. तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. आपण नाही म्हणू शकत नाही.

१० फेब्रुवारी
लखनचा घसा बसलाय. फाईल तीच, पडद्यावरची रेघ तीच. पण दुसऱ्या कडव्याआधी तो खाकरतो. काल खाकरला नव्हता.

१२ फेब्रुवारी
आज पोरं नव्हती. एकटीनं ऐकलं, डोळे मिटून. दोन कडव्यांच्या मध्ये, अगदी हळू:

"माय, घसा लई दुखतोय."

मी हेडफोन फेकला. आपण लावतो तेव्हा तो पुन्हा गातो. प्रत्येक वेळी, पहिल्यापासून.

१३ फेब्रुवारी
साखराबाईंना सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, मला पैल्याच दिशी कळलं. दमला की तो नाकानं श्वास घेतो, लहानपणापासून.

मग लावायला का सांगत होता, म्हणून मी जरा जोरातच विचारलं.

"गातोय तवर हाय ना गं, पोरी."

आणि पदर तोंडात कोंबून बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत कुणी चूल पेटवली नाही.

१४ फेब्रुवारी
त्यांनीच मार्ग काढला. माझा आवाज त्याच्यापर्यंत जाऊ दे म्हणाल्या. मी माईक जोडला, पण रेकॉर्डचं बटण दाबलं नाही. त्यांनाही आत अडकवायचं नव्हतं. लखन गायला लागला, घोगरा, फाटलेला. पहिल्या ओळीवरच साखराबाईंनी अंगाई धरली. तो थांबला. म्हणाला, माय? त्या गात राहिल्या. हळूहळू हेडफोनमध्ये नुसता श्वास उरला, झोपलेल्या माणसाचा.

आता पुसून टाकू का, मी विचारलं.

"निजल्या लेकराला कुणी पुसतं का? निजू दे. उठवू नका फकस्त."

१९ फेब्रुवारी
साखराबाई सकाळी उठल्याच नाहीत. चेहरा शांत. भारत माझ्याच खांद्यावर रडला. पोरांना लखनबद्दल काही सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार?

२८ फेब्रुवारी
दहावा. मी नदीवर, बायकांबरोबर. परत आले तर अंगणात स्पीकर मांडलेला. धुळाजीला वाटलं, मायच्या दहाव्याला लेकाचं गाणं लोकांनी ऐकावं. मी नको म्हणून ओरडले, पण त्याचं बोट —

गाणं आलं नाही. जांभई आली. मग,

"माय?"

आख्खं अंगण ऐकत होतं. पुन्हा. पुन्हा. धुळाजीनं वायर उपटली.

१ मार्च
वायर काढलीय. लॅपटॉप बंद. तरी खोलीतून —

गाणं विसरलाय. तेवढंच विचारतो. माय कुठं गेली.

२ मार्च
धुळाजी, भारत इकडे फिरकत नाहीत. माझी बॅग भरलेली आहे. उंबऱ्यापर्यंत गेले. मागून हाक आली. लहान पोरासारखी.

दुपार
पुसायचं ठरवलं. बोट ठेवलं. जमलं नाही. आत्ता पुसलं तर तो विचारता विचारताच —

आधी सांगायला हवं त्याला. कुणीतरी.

३ मार्च
माईक जोडलाय. तो ऐकतोय, श्वास येतोय नाकानं. बोलताना अडखळेन म्हणून आधी इथे लिहून घेते.

लखन, मी उज्ज्वला. तू मला ओळखत नाहीस. तू लई छान गातोस. आता गायचं नाही, दमलास. ऐक. तुझी माय