मेलेला वढा

आण्णा,

तुमच्या फोटोला सोसायटीच्या कचेरीत अजून हार पडतो, आणि घालायला मलाच बोलावतात. गावातच दिलेली तुमची लेक, त्यात आता सरपंच. परवा घातला. घालताना मनात आलं, हा माणूस जिता असता तर आज याला भर ग्रामसभेत उभा सोलून काढला असता.

तुमच्या चेअरमनकीतला तो दुष्काळ आठवतो. छावणीत जनावरं, वेशीत टँकर, आणि वढा असा कोरडाठाक की सिरसाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या त्याच्या पात्रातूनच जायच्या. माळावर धनगरांची पालं होती. तो उंचावरचा माळ तुम्हाला सोसायटीच्या गोदामासाठी हवा होता. मग तुम्ही धनगरांची घरकुल सोसायटी काढलीत आणि त्यांना वढ्याच्या पात्रात प्लॉट पाडून दिलेत. पारावर उभं राहून काय बोललात, ते अजून कानात आहे. "वढा मेलाय. मेल्याची जागा जित्याच्या कामी आली, तर पुण्यच हाय." टाळ्या काय पडल्या! म्हातारीकोतारी तुमच्या पाया पडली. मीही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या, माझा बाप केवढा दिलदार म्हणून.

त्याच साली आपलं घर बांधायला काढलं होतं. आई चुलीपुढं बसलीय, मी तुमच्या शेजारी जेवतेय. आई म्हणते, "येवढं उंच जोतं कावून घातलंय? घागरी घेऊन इतक्या पायऱ्या कोण चढंल?" तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणता, "वढा मरत नसतो. आला म्हंजी चुलीपत्तूर येईल." मी म्हणते, "पन आण्णा, पारावर तर तुमी..." तुमचा खरकटा हात माझ्या गालावर बसतो. "बापाच्या तोंडाला तोंड देतीस?" आई खाली बघून तुमच्या ताटात कालवण वाढते. पुढं त्या घरात वढ्याचा विषय कुणी काढला नाही.

तुम्ही सुटलात. अंथरुणात, लेकासुनेच्या हातचं पाणी पिऊन गेलात. वढा आला तो तुमच्यामागं कितीतरी वर्षांनी, गेल्या साली परतीच्या पावसात. वरचा पाझर तलाव फुटला. बाजाराचा दिवस, कर्ती माणसं सगळी सिरसाळ्याला. माझ्या बाळंतपणात जिनं रोज शेळीचं दूध आणून दिलं, त्या धनगर मावशीचा नवरा अंगावरून वारं गेलेला, बाजेवर पडून असायचा. बाजेसकट गेला. आपल्या घराच्या वरच्या पायरीला पाणी लागलं आणि तिथंच थांबलं. अंदाज लई पक्का हो तुमचा! घराला जोतं आणि लोकांना भाषण.

आता गावाचा विकास आराखडा माझ्या हातात आहे. मी मांडलं की वढ्याचं पात्र मोकळं करायचं आणि वस्ती माळावर न्यायची. गोदाम तसंही रिकामं पडलंय, उंदरंसुद्धा सोडून गेलीत. तुमच्या खुर्चीवर आता तुमचा लेक, आपला दादा बसतो. तो म्हणाला, "माळ सोसायटीचा हाय, तुझ्या बापाचा न्हाई." मी म्हटलं, "बापाचा नव्हताच. बापानं लाटला." झालं, सभा पेटली. वस्तीवाल्यांना वाटलं, मी त्यांना हुसकावायला निघालेय. "आण्णांनी दिल्याली जागा हाय, आमी हलत न्हाई." मग मात्र मला राहवलं नाही. चुलीपुढचं सगळं, शब्दन् शब्द सांगून टाकलं.

मावशी उठून माझ्यापुढं आली.

"आण्णाला ठावं व्हतं म्हन्तीस?"

"होय मावशी."

"म्हंजी माझा म्हातारा वढ्यानं न्हाई, आण्णानं नेला?"

मी होकाराची मान हलवली. ती माझ्या पायाशी थुंकली. "खोटारडे! मेलेल्या बापावर बालंट आनतीस? आमच्या जागेवर डोळा हाय तुझा. देवमानूस व्हता त्यो, देवमानूस!"

माझ्या बाजूनं एक हात वर झाला नाही. ठराव पडला. पात्रात नव्या घरांसाठी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्यात. वरचा तलाव दुरुस्त करून पुन्हा भरायचाय. पुढच्या खेपेला कुणाची बाज जाईल, तेवढंच ठरायचं राहिलंय. तुमची कमाल आहे आण्णा, जिचं घर बुडवलंत तिनंच तुमच्या बाजूनं साक्ष दिली.

हे पत्र कुणाला दाखवण्याजोगं नाही, आणि तुम्हाला धाडावं तर तुमच्या गावाला टपाल जात नाही. पण लिहिलंच आहे, तर एवढं सांगून टाकते. मावशी तुम्हाला देवमाणूस म्हणाली, तेव्हा मला आणखी बोलता आलं असतं. आईला उठवून साक्ष द्यायला लावता आली असती. ती तिथंच, पदर तोंडाला लावून बसली होती. मी गप्प बसले. कारण बरं वाटलं हो, आण्णा. लई बरं वाटलं.