पहार की पहारा

बा, तू जाऊन बारा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसलो आहे. आपल्या आडनावाबद्दल लिहायचं आहे आणि त्यापायी माझ्या हातून जे झालं त्याबद्दल.

तुझ्या बापाला आडनाव नव्हतं. अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर गावात भागत असे. मग घाटात आगगाडीचा रस्ता फोडायचं काम निघालं आणि तू पळसदरीहून वर कामाला गेलास. ती गोष्ट तू चुलीपुढे बसून इतक्यांदा सांगितलीस, की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. सकाळची वेळ आहे. खडक फोडणाऱ्या टोळीची हजेरी कारकून मांडतो आहे. तू ओळीत पहिला उभा आहेस, खांद्यावर पहार आहे. तो विचारतो, "आडनाव?" तू म्हणतोस, "ते काय नाय आमाला." त्याला रकाना रिकामा ठेवता येत नाही. तो मान वर करून तुझ्या खांद्याकडे बघतो आणि लिहितो, पहारे. तुझ्या मागच्याच्या खांद्यावरही पहारच असते, त्यालाही पहारे. कोणी दहिवलीचा, कोणी नेरळकडचा, कोणी खालापुराकडचा, जातीने एक पण रक्ताने कोणी कोणाचे नव्हेत, अशी ती सगळी टोळी दुपारच्या आत एका आडनावाची झाली. "एका दमात बारसं झालं रं आमचं," असं म्हणून तू हसायचास. काम संपलं, माणसं आपापल्या गावी गेली आणि ते नाव संगती घेऊन गेली. म्हणून आज कर्जत-खालापुरात कुठेही जा, दोन-तीन गावांआड एक तरी पहाऱ्यांचं घर सापडतंच.

मला शाळेत घातलंस तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं आणि तू ते छाती काढून सांगितलंस. मला तेव्हा त्याची लाज वाटली नव्हती. लाज पुण्याला वाटली. मास्तरकीच्या शिक्षणासाठी तिथे गेलो तर सोबतची मुलं आपापल्या घराण्याच्या सनदा, इनामं, वतनं सांगत बसलेली. एकाने विचारलं, पहारे म्हणजे काय? मी म्हणालो, राजमाचीच्या गडावर आमच्या पूर्वजांचा पहारा असे. किती सहज आलं ते तोंडातून. एका कान्याचा तर फरक.

खालापूर तालुक्यात मास्तर होऊन परतलो तेव्हा ती गोष्ट माझ्याआधी गावी पोचली होती. गावोगावचे पहारे मला विचारायला येऊ लागले. त्यांनाही हजेरीतलं नाव नको होतं, गडावरचं हवं होतं. मी त्यांना ते दिलं. एक मूळपुरुष काढला, त्याला सात मुलगे दिले, एकेका मुलाला एकेका गावी बसवलं आणि ती वंशावळ सुरेख अक्षरात लिहून दहिवलीच्या देवळापुढे सगळ्यांसमोर वाचली. माणसांचे डोळे भरून आले होते, बा. तू मागे खांबाला टेकून बसला होतास. घरी येताना, नदी ओलांडल्यावर, थांबलास.

"पहार म्हंजी पहार. तिची लाज वाटली व्हय तुला?"

मी म्हणालो, "लोकांना बरं वाटलं ना. कोणाचं काय बिघडलं?"

"तू समद्यांना भाऊ करून ठेवलंस रं. उद्या पोरीबाळी द्यायच्या कुनाला? एका कुळात सोयरीक व्हती का?" मग पुन्हा चालू लागत म्हणालास, "मी तितंच उठनार व्हतो. पन तू मास्तर हायस. तुजी मान खाली गेली असती."

पुन्हा तू तो विषय काढला नाहीस, चुलीपुढची ती गोष्टही सोडलीस; माझ्या लहानग्या बहिणीच्या कानी ती कधी पडलीच नाही. दोन पावसाळ्यांनी गेलास. तुझ्या टोळीतली म्हातारी माणसंही एकामागून एक गेली. खरं काय ते जाणणारा मी एकटा राहिलो.

आपली धाकटी तुझी लाडकी होती. तिचा नवरा दोन सालांमागे गाठीच्या तापात, प्लेगात गेला. दोन लहान लेकरं घेऊन ती माझ्याकडे आली. वर्ष सरल्यावर तिला मागणं आलं. नेरळकडचा माणूस, रुळांच्या देखरेखीवर कामाला, पहिली बायको त्याच तापात गेलेली. लेकरांना आपलं म्हणायला तयार होता. मी त्याला पाहिलं होतं. शांत, सरळ माणूस. विधवेचा पाट लावायची आपल्यात रीतच आहे, त्यात कोणाला काही वावगं नव्हतं. पण तोही पहारे. तुझ्या मागे ओळीत उभ्या असलेल्या माणसांपैकीच एकाचा मुलगा.

ती मला म्हणाली, "दादा, लोक कायबी बोलत्यात. आपुन आनि ते एक नाय ना रं?"

"नाही," मी म्हणालो. "मी पंचांना सांगतो."

पंच बसले ते त्याच देवळापुढे. बाया पलीकडे पडवीत होत्या, ती त्यांच्यात होती. तिथवर शब्द पोचत नव्हते, पण तिचं तोंड मला दिसत होतं. म्हाताऱ्या पंचाने माझाच कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला, कुंकू लावलेला. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता.

"मास्तर, हे तुमचंच अक्षर. तुमी आनि ह्यो एका मुळाचं. भैनभावाचा पाट लावू का आमी?"

मी म्हणालो, लिहिण्यात चूक झाली असेल.

"मंग खरं काय हाय? बापाची आन घेऊन सांगा. तुमच्या शबुदावर मोडतो आमी ह्ये."

एवढंच करायचं होतं, बा. तुझी आण घ्यायची आणि म्हणायचं, आपण कोणी गडकरी नव्हतो, दगड फोडणारे होतो, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. भोवती सात गावांची माणसं बसली होती. त्यांच्या मुलांना मी शिकवलं होतं. मी म्हणालो, "मला आता नीटसं आठवत नाही."

पंचांनी पाट नाकारला. तरीही ती गेली. लेकरांना घेऊन दिवसाढवळ्या त्याच्या घरी राहायला गेली, आणि जातीने त्या घराला वाळीत टाकलं. पाणी बंद, विस्तव बंद. तीन महिन्यांनी ती दोघं घाट चढून पार सोलापुराकडे निघून गेली. मी कर्जतच्या ठेसनावर गेलो होतो. ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "दादा, तू बोललास माज्यासाटी. त्यांनी ऐकलं नाय, त्याला तू काय करनार?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काही केलं नाही.

मागच्या आठवड्यात तिकडून आलेला एक रेल्वेचा माणूस शाळेत आला. तिचा थोरला मुलगा तापाने गेला. खांदा द्यायला जातीचा कोणी आला नाही, नवऱ्याने एकट्याने नेला. तिने माझ्यासाठी निरोप दिला होता. दादाला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नको, तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं.

तेव्हापासून वर्गात मुलं ओरडून पाढे म्हणतात आणि मला काही ऐकू येत नाही. तो कागद अजून दहिवलीला देव्हाऱ्यात आहे. मागून घेईन, फाडीन, असं रोज सकाळी ठरवतो. परवा एक पहारे आपल्या मुलाचं नाव घालायला आला. गडाची गोष्ट पोराला सांगा म्हणाला. मी सांगितली.

हे पत्र तुझ्यापाशी पोचणार नाही, हे मला कळतं. तिचा पत्ता मात्र त्या माणसाने दिला आहे, माझ्या खिशात आहे. तिला लिहिलं तर ती कोणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून तुला लिहितो आहे.