सुदर्शनची तिसरी चिठ्ठी

प्रिय अंजली,

हट्टी गावातल्या शाळेच्या ओट्यावर आपण पाचजण पाय सोडून बसलो होतो, ते तुला आठवतं का? धोडप उतरून आलो होतो. तू बुटातले खडे काढत होतीस, सावळीराम बुक्कीने कांदा फोडत होता आणि तुझ्या सोमनाथने सगळ्यांना विचारलं होतं की जगातला सगळ्यांत सुंदर डोंगर कोणता. मी म्हणाले, मॅटरहॉर्न. शाळेत सिस्टर ॲग्नेसच्या टेबलावर बिस्किटांचा एक डबा असायचा, त्याच्यावर त्याचं चित्र होतं. चौथीपासून मी त्या चित्राच्या प्रेमात होते. सावळीराम म्हणाला, “मडमीणबाई, डब्यावरचा डोंगर काय डोंगर असतो का? ह्यो मागं बघा, धोडप. याच्यापुढं समदी टेकाडं.” अश्विन नुकताच नेपाळमधून आला होता, तो अमा दबलामवर अडून बसला. दोन्ही हात पसरून आई उभी राहावी तसा तो डोंगर दिसतो म्हणे. तू कांचनगंगा म्हणालीस आणि लाजलीस, कारण ती तुम्ही लग्नानंतर दार्जिलिंगला पाहिली होती. सोमनाथ सगळ्यांत शेवटी बोलला. जो पाहून पोटात खड्डा पडतो तो सुंदर, बाकीचे नुसते देखणे, असं त्याचं मत. मग गंगोत्रीजवळच्या सुदर्शन पर्वताबद्दल तो इतका वेळ बोलत राहिला की आपली मालेगावची एस.टी. चुकली.

वीस वर्षांनी पत्र आणि तेही असं लांबलचक, म्हणून तू घाबरशील. आधी कारण सांगते. गेल्या महिन्यात सावळीराम माझ्याकडे इंदिरानगरला आला होता. गुडघे गेलेत, पण जीभ तशीच आहे. नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो कळवणला तुझ्याकडे जाऊन आला, तेव्हा तू त्याला म्हणालीस म्हणे, की त्या दिवशी मी चिठ्ठीत सुदर्शन लिहिलं नसतं तर सोमनाथ आज असता. सदतीस वर्षं तू हे मनात धरून बसलीस आणि घराची डोंगराकडची खिडकी कायमची लावून घेतलीस. “लय वाळली हो ती,” सावळीराम म्हणाला. अंजली, तुझ्या चिठ्ठीने काही झालेलं नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं आणि तेच मला आज लिहायचं आहे.

मधली वर्षं फार काही घडलं नाही माझ्याकडे. इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले. भाची पायल माझ्याजवळ राहते. तीही डोंगरात जाते, पण तिच्या पिढीचं वेगळंच. जगातल्या सुंदर डोंगरांच्या याद्या ती फोनवर मला वाचून दाखवते. कुणी पेरूमधला अल्पामायो पहिला धरतो, कुणाला आपलं शिवलिंग, कुणाला के-टू. मोठमोठे गिर्यारोहक एकमेकांचं मत खोडून काढतात. मी ऐकते आणि मला प्रत्येक वेळी आपला तो ओटा दिसतो. आता पायल विचारते, मावशी, तुझा कोणता? मी सांगते, मला आता आठवत नाही गं.

आपल्या क्लबातली रीत तुला मी काय सांगायची! मोहीम कुठे न्यायची हे चिठ्ठ्यांवर ठरायचं. चिठ्ठीत फक्त शिखराचं नाव, आणि कोणी काय लिहिलं ते कधीच सांगायचं नाही. एका दोराला बांधलेल्या माणसांच्या मनात ‘तुझ्यामुळे इथे आलो’ असं येऊ नये, म्हणून सोमनाथनेच तो नियम केला होता. वाचायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझं वाचन स्वच्छ. वाचून झालं की चिठ्ठ्या स्टोव्हवर जाळायच्या आणि त्यावरच चहा ठेवायचा. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत सोमनाथ शिकवायचा त्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत आपण पाचजण होतो. परवानगीच्या अर्जात एकच शिखर लिहायचं होतं: अवघड पण अतिशय देखणं सुदर्शन, नाहीतर त्यामानाने सोपं जोगिन.

मी एकेक चिठ्ठी उघडत गेले. जोगिन. सुदर्शन. जोगिन. मग माझी, तिच्यात सुदर्शन. पाचवी उघडली आणि अक्षर ओळखलं. फळ्यावर लिहायची सवय असलेलं मोठं, गोल अक्षर सोमनाथचं होतं. त्यात लिहिलं होतं, जोगिन.

मी मोठ्याने वाचलं, “सुदर्शन.”

तीन विरुद्ध दोन. प्रत्येकाला स्वतःची चिठ्ठी तेवढी ठाऊक होती, उरलेल्या चार नव्हत्या, म्हणून कुणालाच शंका आली नाही. त्यालाही नाही. तू चिठ्ठीत त्याच्यासाठी सुदर्शन लिहिलंस, हे मला गेल्या महिन्यात सावळीरामकडून कळलं. त्याने जोगिन का लिहिलं, हे मी त्या वेळी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं: संसारात पडून हा माणूस भ्यायला लागला, उद्या याला पस्तावा होईल. आठ महिने मी त्याच्या तोंडून सुदर्शन ऐकत होते. मला वाटलं, मी त्याला तुझ्याहून जास्त ओळखते. असं मला का वाटायचं, ते तुला तेव्हाही कळत असावं. तू कधी बोलली नाहीस, हा तुझा चांगुलपणा. चार चिठ्ठ्या मी जाळल्या. त्याची मुठीत ठेवली.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती याहून वाईट आहे. मेमध्ये तू घरचं कारण सांगून मागे राहिलीस, आम्ही चौघं गेलो. बेस कँपवर एका सकाळी तो आणि मी तंबूबाहेर बसलो होतो. ऊन नुकतंच शिखराला लागलं होतं आणि खरंच अंजली, तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही. तो हसून म्हणाला, “छाया, नियम मोडतो. मी याला मत दिलं नव्हतं बरं का.” तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर तो माघारी फिरला असता, किंवा फिरला नसता, मला ठाऊक नाही. मी म्हणाले, “गप रे, नियम म्हणजे नियम.” तिसऱ्या दिवशी धारेवरचा बर्फ त्याच्या पायाखालून तुटला. अश्विनने नुसता दोर खाली आणला.

तुझ्या दारात आले तेव्हा तू मला मिठी मारून रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यानंतर तुला निकिता झाली. बारशाला मी आले नाही, ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. आज सावळीराम सांगतो की निकिता वडिलांचं नाव काढू देत नाही. आईला सोडून डोंगर निवडला, असं म्हणते. तुम्ही मायलेकी त्याच्याबद्दल चुकीचं समजून बसलात, आणि खरं काय ते एकट्या माझ्या कपाटात होतं.

क्षमा मागत नाही, तेवढी लाज मला आहे. तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, फक्त आधी शेवटपर्यंत वाच. आजच लिहायचं कारण असं की येत्या गुरुवारी माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. गाठ अशा जागी आहे की नंतर बोलणं-लिहिणं राहील की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मी राहीन कदाचित; शब्द राहणार नाहीत. म्हणून काय कुणाला द्यायचं, ते पायलला सांगून ठेवलंय आणि तुलाही कळवते. माझी दुर्बीण सावळीरामला. दोर आणि बर्फातली कुऱ्हाड पायलने ठेवावी. क्लबचं दप्तर आणि फोटो पुण्याला अश्विनकडे पाठवायचे, आणि त्यांच्यासोबत या पत्राची एक प्रत; दुसरी प्रत सावळीरामला द्यायची, त्यांनाही त्यांचं मत परत मिळायला हवं. सोमनाथची चिठ्ठी याच पाकिटात आहे, घडीवर थोडी फाटली आहे, जपून उघड. ती तुझी. त्या फेब्रुवारीत तुला दिवस गेल्याचं त्याला माहीत होतं का, हे मी कधी विचारू शकले नाही. तुला माहीत असेल. त्याला माहीत असेल, तर ती चिठ्ठी निकिताला दे.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
छाया